बाळाच्या हातांना काम देणारं खेळणं

शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा झाली, की माण तालुक्यातल्या घराघरांत पुढं कितीतरी दिवस पिपाण्या वाजत राहतात. घरात तान्हं बाळ असेल, तर यात्रेतून त्याच्यासाठीही काहीतरी येतं. बटण दाबलं की दिवे लावून गाणं म्हणणारा खोटा मोबाइल हे आता नेहमीचं. दोन दिवसांत तो कोपऱ्यात पडतो आणि आठ महिन्यांचं पोर आजीच्या पातेल्यावर पळी आपटत बसतं. ‘एवढे पैसे घालून आणलं आणि हे बघा!’ असं आई म्हणते. बाळाचं मात्र बरोबर असतं.

पळी हळू आपटली की लहान आवाज, जोरात आपटली की मोठा. गोधडीवर आपटली तर जवळजवळ नाहीच. हे सगळं बाळ स्वतः करून पाहतं. मोबाइलच्या बाबतीत त्याच्याकडे एका बोटाचं काम, बाकी सारं खेळणंच करतं. शिवाय ते बोलतं, म्हणून आपण गप्प बसतो. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या २६ मुलांचा आईवडिलांबरोबरचा खेळ टिपला होता. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांपेक्षा साधी खेळणी आणि पुस्तकं हाती असताना मोठी माणसं मुलांशी जास्त बोलली. अभ्यास छोटा आहे, पण आपल्या घरात पाहिलं तरी पटेल.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. मांडीवर दूध पिताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो, तेव्हा पहिलं खेळणं फुकटच मिळालेलं असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हात वस्तूकडे जातो, तेव्हा मुठीत मावणारा हलका खुळखुळा द्यावा. आठ-नऊ महिन्यांना फडक्याखाली वाटी लपवा. बाळ फडकं ओढून ती शोधतं, कारण दिसत नसली तरी वस्तू असते, हे त्याला कळू लागलेलं असतं. वर्षाच्या सुमारास डबा भरायचा आणि ओतायचा, हा खेळ तासभरही चालतो. आवरायला वेळ लागतो, हे खरं.

वॉकरविषयी मात्र स्पष्ट सांगायला हवं. तो घेऊ नये. बाळ त्यात झोळीत बसल्यासारखं असतं आणि बोटांनी जमीन ढकलतं. त्यानं चालणं लवकर येत नाही. उंबरा, पायरी, चूल, उकळता चहा यांच्याकडे मात्र ते पाहता पाहता पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. फरशीवर तो पुढं पळतो, म्हणून मातीचं अंगण बरं आणि मोठं माणूस जवळ हवंच.

साधं खेळणं म्हणजे गरिबाचं खेळणं, ही समजूत जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तूच हाती घेतल्या. आपल्याकडे तर बेंदराला मातीचे बैल घरी येतातच. पण रंग लावलेला बैल तोंडात जाणार नाही, हे पाहावं. बाटलीत बाजरी घालून खुळखुळा केलात, तर झाकण पक्कं चिकटवा. सांडलेला दाणा थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. सुमारे ३.२ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. विकतच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. यात्रेतल्या पालावर तेही शोधा.

दिवेवालं खेळणं घरात असेलच, तर आज त्याचं मागचं झाकण पाहा. स्क्रू नसेल, तर आतली बटणासारखी चपटी बॅटरी सहज बाहेर येते. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. मूल लाळ गाळतं, खोकतं, खायला नको म्हणतं, किंवा सुरुवातीला काहीच दाखवत नाही. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी काढायला लावू नका, केळं-भात भरवू नका. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या, रात्र असली तरी.