ताबा 1989 चा, सुटका 2022 ची

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या शाळा तपासण्यात गेली. सातारा जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी होतो. हजेरीपट बघायचा, पोषण आहाराच्या नोंदी बघायच्या, किर्द चाळायची, चौथीच्या वर्गात एखादा उतारा वाचून घ्यायचा आणि शेवटी शेरेबुकात शेरा लिहायचा. त्यामुळे निवृत्तीनंतर लेकीकडे जर्सी सिटीला आलो तेव्हा स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापेक्षा मला नातीच्या शाळेचा कारभार कसा चालतो याची उत्सुकता जास्त. लेक म्हणाली, “बाबा, इथे तुम्हाला कोणी टीए-डीए देणार नाही हं.”

नात तीन वर्षांची. सरकारी शाळेच्या बालवर्गात जाते, पूर्ण दिवस, फी शून्य. लेकीची एक मैत्रीण याच न्यू जर्सी राज्यात दुसऱ्या गावात राहते. ती खासगी पाळणाघराला महिन्याला जे पैसे देते तो आकडा ऐकून माझी बायको दोनदा म्हणाली, “डॉलर की रुपये?” एका राज्यात हा फरक का? त्याचा माग काढत गेलो आणि पोचलो 1989 सालापर्यंत. त्या वर्षी जर्सी सिटीच्या सगळ्या सरकारी शाळा न्यू जर्सी राज्याने आपल्या ताब्यात घेतल्या. एका शहराचा अख्खा शालेय कारभार राज्याने हाती घेण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

आधी इथली व्यवस्था सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे शाळा चालवते ती स्कूल डिस्ट्रिक्ट नावाची स्थानिक संस्था. नव्वद लाखांवर वस्तीच्या या राज्यात अशा सहाशेच्या आसपास संस्था आहेत. प्रत्येकीचं स्वतंत्र मंडळ. जर्सी सिटीत त्यावर नऊ सदस्य, लोकांनी निवडून दिलेले, बिनपगारी. ते सुपरिंटेंडंट नेमतात. कामाने तो आपल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा, पण त्याची बदली मंत्रालयातून होत नाही. मंडळाने ठेवलं तर राहतो, नाहीतर जातो. शाळांचा खर्च तेव्हा मुख्यतः त्या गावाच्या घरपट्टीतून. म्हणजे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची शाळा गरीब. आमच्याकडे निदान शिक्षकाचा पगार तरी सगळीकडे सारखा होता.

जर्सी सिटी तेव्हा गरीब होती. गोदी आणि रेल्वे यार्डांचं शहर, दोन्ही धंदे बसलेले. त्यात राजकारणाची जुनी सवय. फ्रँक हेग या महापौराने 1917 ते 1947 अशी तीस वर्षं इथे राज्य केलं, आणि नोकऱ्या वाटून माणसं बांधून ठेवायची पद्धत शहरात मुरवली. हेग गेला, पद्धत राहिली. शाळा म्हणजे शहरातलं मोठं नोकरीचं ठिकाण. तिथली पदं ओळखीपाळखीवर भरली जातात, इमारतींची आबाळ होते आणि मुलं साध्या चाचण्यांत मागे पडतात, असा ठपका राज्याच्या तपासणीने ठेवला.

राज्याचे गव्हर्नर टॉम कीन यांनी जानेवारी 1988 मध्ये शाळा ताब्यात घेण्याच्या कायद्यावर सही केली होती. तपासणीच्या तीन पायऱ्या. पहिलीत नापास झालेल्या संस्थेची पुढची, आणखी खोल तपासणी. तिसरीतही नापास, तर ताबा. निवडलेलं मंडळ बरखास्त, सुपरिंटेंडंट घरी, राज्याचा माणूस त्याच्या खुर्चीत, किमान पाच वर्षं. जर्सी सिटीचं प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे चाललं आणि ऑक्टोबर 1989 मध्ये ताब्याचा आदेश निघाला. त्यानंतर 1991 साली पॅटरसन, 1995 साली न्यूअर्क आणि 2013 साली कॅम्डेन ही राज्यातली इतर शहरं याच वाटेने गेली.

कायदा वाचताना मी एका गोष्टीची वाट बघत होतो. ताब्यात घ्यायची पद्धत पायरीपायरीने मांडली आहे; परत कधी, कशाच्या आधारे द्यायचं, हे तितक्या नेमकेपणाने मांडलेलं नाही. “किमान पाच वर्षं” यातला किमान राहिला, कमाल कोणी लिहिलीच नाही. पुढे 2005 च्या कायद्याने पाच खाती पाडली: अध्यापन, कर्मचारी, हिशेब, व्यवस्था आणि कारभार. एकेका खात्यात शंभरपैकी 80 गुण पडले की ते खातं परत मिळू शकायचं. त्यामुळे शहराला आपल्या शाळा तुकड्यातुकड्याने परत मिळत गेल्या. जर्सी सिटीला पूर्ण ताबा मिळाला 2022 साली. मधली 33 वर्षं. ताबा घेतला त्या वर्षी बालवर्गात असलेली मुलं तोवर स्वतः बालवर्गातल्या मुलांचे आईबाप झाली होती.

आता न्यूअर्कची गोष्ट, कारण ताब्याचा रोग आणि औषध दोन्ही तिथे ठळक दिसतात. जर्सी सिटीहून पाथ नावाच्या लोकल गाडीने गेलं तर हे शहर अगदी शेजारी. तिथे निवडून आलेलं मंडळ नंतरही होतं, पण फक्त सल्ला देण्यापुरतं. ठराव करा, बोला, घरी जा. राज्याने नेमलेल्या पहिल्या सुपरिंटेंडंट बेव्हर्ली हॉल 1999 मध्ये अटलांटाला गेल्या, आणि मागे न्यूअर्कच्या हिशेबात कोट्यवधी डॉलरची तूट निघाली. स्थानिक मंडळाला पैसा सांभाळता येत नाही म्हणून ताबा घेतला, आणि राज्याच्याच कारकिर्दीत तूट! आमच्या लेखापरीक्षकाने यावर परिच्छेदामागून परिच्छेद काढले असते. (त्याच हॉलबाईंवर पुढे अटलांटात उत्तरपत्रिकांतल्या फेरफाराच्या प्रकरणात आरोप ठेवले गेले; खटला उभा राहण्याआधीच त्या वारल्या.)

सप्टेंबर 2010 मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात तिघे एकत्र बसले: न्यूअर्कचे महापौर कोरी बुकर, गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती आणि फेसबुकचे मार्क झुकरबर्ग. झुकरबर्गनी न्यूअर्कच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले. तेवढेच आणखी दुसऱ्या देणगीदारांकडून उभे करायचे होते. शहरातल्या पालकांना ही बातमी टीव्हीवरून कळली. शाळा राज्याच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना विचारायचं कारणच नव्हतं, आणि नेमकं तेच नडलं. यावर डेल रुसाकॉफ या पत्रकार बाईंचं ‘द प्राइझ’ नावाचं पुस्तक 2015 मध्ये आलं. दिवसाला हजार डॉलर घेणाऱ्या सल्लागारांची हकिकत त्यात सविस्तर आहे.

राज्याने नेमलेल्या कॅमी अँडरसन यांनी शाळा बंद करणं, एकत्र करणं आणि सगळ्या शहरात एकच प्रवेशप्रक्रिया चालवणं, असा आराखडा आणला. जवळची शाळा गेली, लहान मुलांना लांब जावं लागलं, लोक चिडले. त्या आराखड्याला उघड विरोध करणारे रास बराका हे शाळेचे मुख्याध्यापक 2014 मध्ये महापौर झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये विद्यार्थी सुपरिंटेंडंटच्या कचेरीत काही दिवस ठाण मांडून बसले. त्याच वर्षी अँडरसन गेल्या. न्यूअर्कला 2018 मध्ये शाळा परत मिळाल्या, आणि दोन दशकांहून जास्त काळानंतर तिथल्या मंडळाने आपला सुपरिंटेंडंट आपण निवडला: रॉजर लिओन, न्यूअर्कच्याच शाळांत शिकलेले.

मुलं शिकली का? तपासनीसाला शेवटी हाच प्रश्न विचारावा लागतो. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये न्यूअर्कचं उत्तर दिलं: सुधारणांनंतर मुलांची वर्षाकाठची प्रगती आधी खाली गेली, मग इंग्रजीत वर आली, गणितात मात्र लक्षणीय फरक नाही. बेथ शूलर आणि जोशुआ ब्लायबर्ग यांनी 2011 ते 2016 या काळात देशभर राज्यांच्या ताब्यात गेलेल्या 35 संस्था तपासल्या. सरासरीने परीक्षांतल्या गुणांत वाढ दिसली नाही; इंग्रजीत सुरुवातीच्या वर्षांत उलट नुकसानच झालं. डोमिंगो मोरेल या राज्यशास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं: हा हातोडा बहुतेक वेळा काळ्या आणि लॅटिनो वस्तीच्या शहरांवरच पडतो. ज्या समाजांना महापालिकेत आणि शाळेच्या मंडळात नुकतीच जागा मिळाली होती, त्यांचीच जागा ताब्याने काढून घेतली.

मग नातीचा फुकट बालवर्ग आला कुठून? ताब्यातून नाही, कोर्टातून. न्यू जर्सीच्या घटनेने 1875 पासून प्रत्येक मुलाला पुरेशा आणि चांगल्या मोफत शिक्षणाची हमी दिली आहे. तिच्या आधारे 1970 मध्ये जर्सी सिटीतल्या एका शाळकरी मुलाच्या नावाने ‘रॉबिन्सन विरुद्ध कॅहिल’ हा खटला उभा राहिला. घरपट्टीवर शाळा सोडणं घटनाबाह्य, असा निकाल 1973 मध्ये लागला. विधिमंडळ तरी हलेना, तेव्हा 1976 च्या जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. आठवडाभरात राज्यात प्राप्तिकर लागू झाला! त्यानंतर ‘ॲबट विरुद्ध बर्क’. हा खटला 1981 मध्ये दाखल झाला आणि अनेक वर्षं चालला. गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत गावांइतका पैसा द्या, असं न्यायालयाने 1990 मध्ये सांगितलं आणि 1998 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवर्गाचाही हुकूम दिला. असे 31 डिस्ट्रिक्ट ठरले. जर्सी सिटी त्यांतलं एक. आज इथल्या उंच इमारतींत राहणारी आयटीवाली मराठी जोडपी ज्या बालवर्गाच्या प्रवेशासाठी धडपडतात, तो गरीब मुलांसाठी लढून मिळवलेला आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नसतं. माझ्या लेकीलाही नव्हतं.

पैशाची अडचण मात्र संपलेली नाही. नदीकाठचे मनोरे उभे राहिले ते करसवलतीवर. त्यांच्या नेहमीच्या घरपट्टीतला शाळांचा वाटा त्यामुळे वर्षानुवर्षं बुडाला. शहर आता श्रीमंत झालं असं म्हणत राज्याने 2018 च्या कायद्याने मदत कमी करायला घेतली. शहराने त्याच वर्षी मालकांनी दिलेल्या पगारांवर एक टक्का कर बसवला आणि तो शाळांना दिला. हे पैशाचं भांडण नऊ सदस्यांच्या मंडळाला दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी निस्तरावं लागतं. सभा उघड असते, कोणीही उठून बोलू शकतो. एकदा मीही मागे बसून ऐकली. गोंधळ होता, काही जण मुद्दा सोडून बोलत होते. तरी राज्याच्या माणसापुढे अर्ज घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं.

माझं मत सांगतो. ताबा घेऊन नोकऱ्यांचा बाजार थांबवता येतो, हिशेबाची वही सरळ करता येते. ते कामही लहान नाही, आणि ते करणाऱ्या चांगल्या माणसांवर मी काट मारणार नाही. पण वाचायला शिकवतो तो वर्गातला शिक्षक, आणि तो टिकतो पैसा व विश्वास या दोन्हींवर. दूरच्या राजधानीतून आलेल्या आदेशाला हे जमत नाही.

हे परक्या देशापुरतं नाही. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून कारभार बघू लागले. गावागावांतल्या शाळाही त्यात आल्या. इथे संस्था नापास ठरवून ताबा घेतला होता; आपल्याकडे तर कोणी नापासही झालं नव्हतं. फायली लवकर हलतात, असं काही जुने सहकारी फोनवर कौतुकाने सांगतात. फाईल कोणासाठी हलते हे विचारायला सभागृहात कोणी नव्हतं, याचं त्यांना काही वाटत नाही.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या वेळी आपल्या गावच्या शाळेवर, मंडळावर किंवा बँकेवर प्रशासक नेमल्याची बातमी वाचाल, तेव्हा तो किती कडक आहे ही चर्चा नंतर करा. आधी आदेश मागवा आणि परत देण्याची तारीख व अट त्यात लिहिली आहे का ते बघा. नसेल, तर त्याच आठवड्यात लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.