मिटलेलं मुख, उघडणारं मुख
बाळंतपणाच्या वॉर्डात मी परिचारिका आहे. बायका बाळाच्या वजनाबद्दल विचारतात, गर्भाशयाच्या मुखाबद्दल कुणीच नाही. मला ते खटकतं. एरवी नाकाच्या शेंड्याइतकं घट्ट असलेलं हे मुख गरोदरपणात ओठासारखं मऊ होतं. तरीही ते ३ ते ४ सेंटिमीटर लांब आणि मिटलेलं राहतं. आतला दाट, चिकट स्राव जंतूंना अडवतो. कळा सुरू झाल्या की ते पातळ होत १० सेंटिमीटर उघडतं. पहिलटकरणीला वेळ लागतोच, घरच्यांनी तिला घाई करू नये. २४ आठवड्यांआधी सोनोग्राफीत मुखाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर बाळ लवकर येण्याचा धोका वाढतो. काहींना प्रोजेस्टेरॉन किंवा मुखाला घातलेला टाका उपयोगी पडतो. आधीची प्रसूती दिवस भरण्याआधी झाली असेल, तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा.