पस्तीस तासांचा दिवस

दिवाळीच्या फराळाबरोबर नालेसफाईचा विषय वाढू नये, हे मला कळते. पण करता काय! उभी नोकरी एका नगरपालिकेच्या हिशेब खात्यात गेली. माझ्या पोतडीतून गाळाखेरीज दुसरे काय निघणार? नगरपालिका कोणती, हे मात्र विचारू नका. पेन्शन अजून तिथूनच येते.

निमित्त झाले २०२५ च्या उन्हाळ्यातल्या एका बातमीचे. मुंबई महानगरपालिकेने नाल्यांतला गाळ उपसणाऱ्या कंत्राटदारांना तीस-तीस सेकंदांच्या चित्रफिती सादर करणे सक्तीचे केले आणि त्या तपासायच्या कामावर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. तीत खोट सापडली म्हणून काही कंत्राटदारांना दंडही झाला. नातवाने बातमी मोठ्याने वाचली आणि वर निकाल दिला, "आजोबा, आता गाळातली चोरी बंद!"

मी हसलो. त्याला वाटले, म्हाताऱ्याला यंत्र कळत नाही.

यंत्र मला कळते, निदान त्याचे काम तरी कळते. गाळाचे पैसे वजनावर मिळतात. गाळ ट्रकमध्ये भरायचा, ट्रक काट्यावर चढवायचा, काट्याची पावती बिलाला टाचायची. एवढ्या सरळ वाटेवर किती आडवळणे आहेत म्हणता! गाळात इमारतीचा राडारोडा मिसळला की वजन फुगते. एकच ट्रक दोनदा काट्यावर चढतो. कधी तर ट्रक नुसता कागदावरच धावतो. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरे वाहून नेणाऱ्या वाहनांचे क्रमांक तपासले, तेव्हा त्यांतले काही स्कूटरचे निघाले होते. स्कूटरवर म्हैस बसवणाऱ्या त्या कारकुनाच्या कल्पनाशक्तीला तोड नाही!

असली लबाडी पकडणे हे या यंत्राच्या डाव्या हातचे काम. हजारो चित्रे दाखवून दाखवून त्याला शिकवलेले असते : हा भरलेला ट्रक, हा रिकामा, हा गाळ, ही माती. तेच चित्र पुन्हा आले तर ते ओळखते. पाटीवरचा क्रमांक वाचते. वेळ आणि ठिकाण पावतीशी ताडून पाहते. चुकतेही. चिखलाने पाटी माखली तर बिचारा प्रामाणिक ड्रायव्हर संशयात सापडायचा. पण ते थकत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत फाईल बाजूला सारत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. एका मे महिन्यात माझ्या टेबलावर गाळाची बिले आली. एका ट्रकाने एका दिवसात चौदा खेपा केल्या होत्या. गाळ टाकायची जागा गावाबाहेर लांब. जाऊन-येऊन, भरून-उपसून एका खेपेला अडीच तास कुठे गेले नाहीत. मी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. पस्तीस तास! आमच्या नगरपालिकेत दिवस पस्तीस तासांचा होता.

पाकीट घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ते पाहिले, उलटे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय, रावसाहेब. बिल अडकले तर काम अडकेल, आणि मग नाव कोणाचे होईल?" घरी मुलीचे लग्न ठरत होते, बदलीच्या यादीची चर्चा चालू होती. मी सही केली.

जुलैत नाल्याकाठच्या वस्तीत कमरेएवढे पाणी चढले. आमचा शिपाई तिथेच राहायचा. तिसऱ्या दिवशी कामावर आला तो मुलीची भिजलेली पुस्तके घेऊन. रेकॉर्ड रूमच्या पंख्याखाली त्याने ती एकेक पान उलगडून वाळत घातली. समोरच्याच फडताळात ती बिले होती.

म्हणजे पाहा, लबाडी दिसली नव्हती असे नाही. कृत्रिम नसलेल्या, अगदी ओबडधोबड बुद्धीलाही ती दिसली होती. दिसलेले सांगायचे कोणाला, हा प्रश्न होता. यंत्राला मुलीचे लग्न नसते, बदलीची धास्ती नसते, हे खरे. पण त्याचा आक्षेप जर पुन्हा त्याच साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला, तर तेही पाकीट उलटे व्हायला कितीसा वेळ?

ब्राझीलमधल्या काही तरुणांनी २०१६ साली हे नेमके हेरले. त्यांच्या संसदेच्या सदस्यांना जेवणखाणाचा खर्च सरकारकडून परत मिळतो आणि त्याची बिले लोकांना पाहता येतात. या मंडळींनी ती तपासणारे एक यंत्र रचले, कार्टूनमधल्या एका मोलकरीण-रोबोवरून त्याला 'रोझी' नाव ठेवले आणि संशयास्पद बिल सापडले की रोझी ते ट्विटरवर सर्वांदेखत विचारू लागली. मामला संसदेचा, नगरपालिकेचा नव्हे. पण रीत आपल्या वॉर्डालाही लागू पडावी. रोझीचे टेबल कोणाही साहेबाच्या खोलीत नव्हते, चव्हाट्यावर होते.

शिवाय कॅमेरा नाल्यावर असला की चोर नाल्यावर थांबतो थोडाच! मे २०२५ मध्येच मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळाबद्दल तेरा जणांवर गुन्हा नोंदवला. त्यांत कंत्राटदार, मध्यस्थ आणि पालिकेचे अधिकारीही आहेत. आरोप सुमारे ६५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा. गाळ टाकण्यासाठी जमीनमालकांशी केलेले करारच बनावट होते, असाही त्यात एक आरोप आहे. न्यायालयात ठरायचे ते ठरेल. पण खोटा करार ओळखायला ट्रकाची चित्रफीत काय उपयोगाची? त्याला सात-बारा आणि मालकाची सही पडताळावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीने काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांना या कागदाचे मोल सांगायला नको.

हे सगळे नातवाला ऐकवले. मी म्हटले, तुझे यंत्र जरूर बसव. फक्त त्याने कोणते बिल नापास केले आणि मग ते कोणत्या साहेबाने पास केले, ही दोन नावे वॉर्ड ऑफिसच्या दारावर लाव.

तो चकली मोडत थांबला. "आणि त्या बिलावर सही तुमची?"

"माझीच. रेकॉर्ड रूममध्ये असेल अजून, उंदरांनी ठेवली असेल तर."