बिजागरी अडली? मग हे वाचाच!

फोल्डिंग टेबल, घडीचा स्टॉल, दुमडणारं सोलर पॅनल... कॉलेज प्रोजेक्टमधली हिट आयडिया. पण कॅडमध्ये ते दुमडायला गेलं की कधी पॅनल हवेत उडतं, कधी जागचं हलतच नाही. चूक नेमकी कुठे शोधायची?

सबमिशन सोमवारी आहे. स्क्रीनवर चार फळ्या छान रेंडर झाल्यात. तुम्ही एक फळी माऊसने ओढता आणि अख्खं टेबलच सरकतं! किंवा लाल रंगात एरर येते आणि सगळं गोठतं. मग आपण काय करतो? एक जॉइंट डिलीट, दुसरा अ‍ॅड, परत डिलीट. रात्रीचे दोन वाजतात आणि आता मूळ गडबड कुठे होती तेही आठवत नाही.

थांबा. मेकॅनिकल आणि प्रॉडक्ट डिझाइनच्या पोरांना विचारत फिरलं की कळतं, अडचणी फिरून फिरून त्याच चार-पाच असतात. फक्त त्या एका ओळीने तपासायला हव्यात.

आधी पाया बघा

कुठलीही वस्तू मोकळी असली की ती सहा प्रकारे हलू शकते. तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. बिजागरी, म्हणजे कॅडच्या भाषेत रिव्होल्यूट जॉइंट, यातल्या पाच हालचाली बंद करते आणि फिरण्याची एकच शिल्लक ठेवते. म्हणून पहिला प्रश्न : एक तरी फळी जमिनीला धरून ठेवलीय का? फ्यूजनमध्ये ‘ग्राउंड’, सॉलिडवर्क्समध्ये ‘फिक्स’. ते केलं नसेल तर सगळं टेबल हवेत तरंगणारच.

दुसरा प्रश्न फ्यूजनवाल्यांसाठी. फळ्या ‘बॉडी’ आहेत की ‘कॉम्पोनंट’? जॉइंट कॉम्पोनंटमध्येच लागतो. शिवाय फळ्या आधीच जागच्या जागी काढल्या असतील तर साधा ‘जॉइंट’ वापरू नका, ‘अ‍ॅज-बिल्ट जॉइंट’ घ्या. साधा जॉइंट एक भाग उचलून दुसऱ्याला नेऊन चिकटवतो. ‘फळी उडाली’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच.

सॉलिडवर्क्समध्ये बिजागरीची सब-असेंब्ली मोठ्या असेंब्लीत आणली की ती मुळात ‘रिजिड’ असते. स्वतंत्र फाइलमध्ये मस्त फिरणारी बिजागरी इथे दगड होते. ती ‘फ्लेक्झिबल’ करा, काम झालं.

दाराला तीन बिजागऱ्या, जॉइंट मात्र एकच

तुमच्या घराच्या दाराला तीन बिजागऱ्या असतील. सुतार त्या बसवताना जीव तोडून एका रेषेत का आणतो? कारण एक जरी तिरकी बसली तरी दार आवळतं. खरं तर दार फिरायला एक अक्ष पुरतो. बाकीच्या बिजागऱ्या वजन पेलायला असतात.

कॅडमध्ये मात्र आपण तिन्ही ठिकाणी जॉइंट देतो. लाकूड थोडं सांभाळून घेतं, स्क्रू जरा ढिला राहतो. सॉफ्टवेअर तसं काही सांभाळून घेत नाही. अक्ष केसभर चुकले तरी ते हटून बसतं. म्हणून नियम साधा : दोन फळ्यांमध्ये जॉइंट एकच. उरलेल्या बिजागऱ्यांचं एकेक पान ज्या त्या फळीला रिजिड जोडून टाका.

जाडी विसरलात?

कागद दुमडतो कारण त्याला जाडीच नसते म्हटलं तरी चालेल. १८ मिमीच्या प्लायचं तसं नाही. अक्ष फळीच्या मध्यावर दिलात तर दुमडताना दोन फळ्या एकमेकींत घुसतील. अक्ष पृष्ठभागावर हवा, तोही फळ्या ज्या बाजूला मिटणार त्या बाजूच्या. झेड आकाराच्या घडीत म्हणूनच एक बिजागरी वर आणि पुढची खाली असते.

पत्रासारखी घडी असेल तर अजून एक गंमत आहे. मधल्या फळीवर डावी फळी मिटली, आता उजवी तिच्यावर यायला हवी. मग उजवीचा अक्ष किती उचलायचा? पटकन उत्तर येतं, १८ मिमी. पण पुरतात ९! कारण फळी अक्षाभोवती १८० अंश फिरते तेव्हा अक्षाच्या जितकी खाली होती तितकीच वर जाते. ९ दुणे १८.

हे डोळ्यांनी पकडणं कठीण. म्हणून पूर्ण मिटलेल्या अवस्थेत ‘इंटरफिअरन्स’ तपासा आणि जॉइंटला कमाल-किमान मर्यादा द्या. मर्यादा नसेल तर फळी आरपार फिरून पलीकडे जाते. उलटीकडेच फिरत असेल तर अक्षाची दिशा ‘फ्लिप’ करा.

खरी डोकेदुखी : बंद साखळी

सरळ ओळीतल्या फळ्या सहसा त्रास देत नाहीत. त्रास सुरू होतो शेवटची फळी पहिलीला जोडताना. बिनतळाचा चौकोनी खोका घ्या. चार भिंती, चार बिजागऱ्या. एक भिंत स्थिर धरली तर तीन मोकळ्या भिंतींच्या हालचाली १८. चार बिजागऱ्या बंद करतात २०. हिशोब उणे दोन! म्हणजे खोका हलायलाच नको. पण प्रत्यक्षात तो दाबला की मस्त आडवा होतो. कारण चारही अक्ष समांतर असतात आणि काही बंधनं एकच गोष्ट दोनदा सांगत असतात.

अक्ष तंतोतंत समांतर असतील तर सॉफ्टवेअर अनेकदा चालवून घेतं. अर्ध्या अंशाचा फरक पडला की गोठलंच. उपाय दोन. पहिला म्हणजे अक्ष एकाच स्केचमधून घ्या, प्रत्येक फळीची वेगळी कड निवडत बसू नका. दुसरा म्हणजे एका बिजागरीऐवजी ‘बॉल’ आणि दुसरीऐवजी ‘सिलिंड्रिकल’ जॉइंट द्या. आता बंद झालेल्या हालचाली ५, ५, ४ आणि ३, म्हणजे १७. अठरातून एक उरली. तीच तर हवी होती!

रुळावर सरकणाऱ्या दोन पानी फोल्डिंग दारात तर साखळी बंद न करताही भागतं. भिंतीची बिजागरी ९० अंश फिरते तेव्हा मधली १८० फिरते. ‘मोशन लिंक’मध्ये १:२ हे प्रमाण द्या, दिशा उलटी ठेवा.

बंद साखळीला नावं ठेवू नका, बरं का. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टची सरकती जाळी बघा. कित्येक पट्ट्या, कित्येक साखळ्या, पण एका हाताने ओढली की सगळी मिटते. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांच्या घडीची जादू हीच. एक टोक ओढलं की सगळे चौकोन एकदम उलगडतात. १९९५ मध्ये जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’वर हीच घडी वापरलेलं सोलर पॅनल अंतराळात गेलं. तिथे बिजागरी अडली तर तेल घालायला कोण जाणार?

एकेक करून पेटवा

तरीही चूक सापडत नाही? सगळे जॉइंट ‘सप्रेस’ करा. मग जमिनीला धरलेल्या फळीपासून एकेक सुरू करा आणि प्रत्येक वेळी फळी ओढून बघा. ज्या जॉइंटवर हालचाल थांबते, तिथे किंवा त्याच्या साखळीत गडबड आहे. साखळी बंद करणारा जॉइंट सगळ्यात शेवटी.

आणि लेझर कटिंगला फाइल द्यायच्या आधी बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापा, चिकटपट्टीच्या बिजागऱ्या करा आणि दुमडून बघा. पुठ्ठ्यालाही दुमडता येत नसेल तर दोष जॉइंटचा नाही, डिझाइनचा आहे. तो दहा मिनिटांत कळलेला बरा, कापलेल्या प्लायचे पैसे काही परत मिळत नाहीत!