नांवापुढील आंकडा

बाजारांत दुकानाची पाटी जें काम करिते, तेंच काम महाजालावर डोमेन-नांव करितें. भेद एवढाच, कीं एका गांवांत ‘लक्ष्मी स्टोअर्स’ नांवाचीं दोन दुकानें निघूं शकतात. परंतु ‘डॉट कॉम’नें संपणारें एक नांव एका वेळीं एकाच्याच स्वाधीन असतें. अशा नांवांची नोंद १९८५ सालीं सुरू झाली, आणि सुटसुटीत इंग्रजी शब्द केव्हांच संपले. म्हणून नांवें घेऊन पुढें विकणारे लोक शब्दाला आंकडा जोडतात. तो निवडतांना तीन कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली कसोटी अर्थाची. २४ म्हणजे अहोरात्र, ३६५ म्हणजे वर्षभर, ३६० म्हणजे वर्तुळाचे सर्व अंश, अर्थात् सर्व बाजू. औषधांच्या दुकानाला २४ शोभतो. लग्नपत्रिका छापणाराला त्याचा उपयोग काय? अमेरिकेंत १०१ हा कॉलेजांतील प्राथमिक पाठाचा क्रमांक. महाराष्ट्रांत तो आहेराचा आंकडा. चीनमध्यें ८ चा उच्चार भरभराटीच्या शब्दाशीं जुळतो, तर ४ चा मृत्यूच्या शब्दाशीं. पेकिंगचे ऑलिंपिक सामने ८-८-२००८ रोजीं सुरू झाले, तो दिवस शुभ मानला गेला होता. तेव्हां आंकडा विकणाराच्या नव्हे, घेणाराच्या मनांत बोलला पाहिजे. सालाचा आंकडा तर जुन्या पंचांगासारखा. वर्ष सरलें कीं त्याची किंमत गेली.

दुसरी कसोटी कानाची. इंग्रजींत ४ आणि ‘फॉर’, २ आणि ‘टु’ हे कानाला सारखेच. टेलिफोनवर नांव ऐकणारानें अंक लिहावा कीं अक्षरें? निरर्थक अंकाचा दोष याहून मोठा. मूळ नांव दुसऱ्याकडे आहे, हें तो स्वतःच सांगतो. आणि जो गिऱ्हाईक अंक विसरला, तो त्या दुसऱ्याच्याच दारीं जातो.

तिसरी कसोटी सचोटीची. नामांकित कंपनीच्या नांवाला आंकडा लावून तें तिलाच विकूं पाहणें हा व्यापार नव्हे. अशा तंट्यांसाठीं आयकॅन या संस्थेचे नियम १९९९ पासून आहेत. नांव फसवें, हक्कावांचून व दुष्ट हेतूनें घेतलेलें ठरलें, तर तें काढून मूळ मालकास देतां येतें. जोडलेला अंक सहसा बचाव ठरत नाहीं.

शेवटीं हिशेब. नांव विकलें जावो वा न जावो, तें राखावयाचें तर शुल्क भरत राहावें लागतें. एकास वर्षाला हजार रुपये धरले, तरी पन्नास नांवांचे पांच वर्षांत अडीच लाख होतात. ही रक्कम पुष्कळदां कोणाची तरी आयुष्याची शिल्लक असते. म्हणून नांव घेण्यापूर्वीं एका कागदावर तीन प्रकारचे व्यापारी लिहावे, ज्यांना तें नांव त्याच आंकड्यासह हवें वाटेल. कागद कोरा राहिला, तर पैसा पेटींतच राहूं द्यावा.