इतिहास शिकावा तो शोधून

महाविद्यालयांत इतिहास हा सनावळ्यांचा विषय समजला जातो. अध्यापक सांगतात, विद्यार्थी टिपून घेतात आणि परीक्षेंत तेंच लिहून देतात. त्यांना उत्तरें मिळतात; तीं कोणी व कशावरून ठरविलीं, हें मात्र कळत नाहीं. प्रयोगशाळेंत पाऊल न टाकतां कोणी रसायनशास्त्राची पदवी घेतली, तर लोक हसतील. इतिहासांत हें सर्रास खपतें.

वस्तुतः महाराष्ट्राचा इतिहास जुळविला गेला तो वर्गाबाहेरच. राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. भोरकडील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणली. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ सालचा, असें तोंवर सामान्यतः मानीत. शकावलींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथि निघाली. अभ्यासक त्या एका कागदावर विसंबले नाहींत. परमानंदाच्या ‘शिवभारता’शीं व राजस्थानांत मिळालेल्या कुंडलीशीं ती ताडून पाहण्यांत आली. इतिहासाचा खरा पाठ हाच आहे.

तो पदवीच्या विद्यार्थ्यांसहि देतां येतो. वेल्ह्याहून केळदकडे व पुढें मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर पासली हें गांव आहे. १६७० सालीं सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचें शव या घाटानें उमरठ्यास नेलें आणि ‘मढें’ नेलें म्हणून घाटास हें नांव पडलें, असें लोक सांगतात. चार-पांच विद्यार्थ्यांच्या तुकडीस एका सत्रापुरता एवढाच प्रश्न द्यावा : हें कशावरून?

प्रथम त्यांनीं पासली-केळदच्या वृद्धांकडून ही हकीकत त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीनें उतरून घ्यावी. कोणी कोणाकडून ऐकली, हेंहि लिहावें. मग घाट उतरून पाहावा : पालखी नेण्याजोगी वाट आहे काय, पाणी कोठें आहे? नंतर मोडी शिकून पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमालांत घाटाचें नांव शोधावें. बखर किंवा पोवाडा हातीं आल्यास तो घटनेनंतर किती वर्षांनीं रचला, हें आधीं पाहावें. १६७० पूर्वीच्या कागदांत ‘मढे’ हें नांव आढळलें, तर ती व्युत्पत्ति टिकत नाहीं. न आढळलें, तरी ती सिद्ध झाली असें नव्हे. हा भेद व्याख्यानानें क्वचितच मनांत ठसतो.

व्युत्पत्ति ढळली, तरी लोकांच्या स्मृतीचें मोल कमी होत नाहीं. या डोंगरांनीं तानाजींस कसें जपलें, हाहि इतिहासच आहे. म्हणून निष्कर्ष काढतांना गांवाचा उपहास नसावा, आणि लेखाची एक प्रत गांवच्या शाळेस द्यावी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चार वर्षांच्या पदवींत संशोधनास स्थान दिलें आहे. तेवढ्यानें भागणार नाहीं. अध्यापकास वेळ हवा, तुकडी लहान हवी आणि ‘पुरावा मिळाला नाहीं’ या प्रामाणिक उत्तरासहि पुरे गुण हवेत. एरवीं विद्यार्थी जुन्या पुस्तकांतून उतारे काढून वही भरतील. दिरंगाईसहि जागा नाहीं. कागदास कसर लागते, सांगणारीं माणसें एकेक करून जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्न विचारण्याची संधीहि जाते.