बिघडलेल्या आवाजाचा शोध

मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिराकडे आवाज मोकळा न निघणारा तंबोरा आला, तर तो आरंभींच भोपळ्याला दोष देत नाहीं. तो तार छेडून ऐकतो, घोडीवरील सुताचा धागा किंचित् मागेंपुढें सरकवितो, आणि तेवढ्यानें जवारी उघडली नाहीं तरच घोडी घासण्याचें काम हातीं घेतो. जें सोपें, बिनखर्ची व पुन्हां पूर्ववत् करतां येण्याजोगें तें आधीं, आणि जें अवघड व खर्चाचें तें मागाहून, असा हा क्रम आहे. व्हॉल्व्हवर चालणारे ध्वनिवर्धक व कानाला लावावयाचे हेडफोन यांचा आवाज बिघडला असतां हाच क्रम उपयोगीं पडतो.

१९६३ सालीं सांगलीस आकाशवाणीचें केंद्र निघालें, त्या काळांतील घरच्या मोठ्या रेडिओंत बहुधा व्हॉल्व्हच असत. सांगली-साताऱ्याकडील कित्येक कुटुंबांनीं ते रेडिओ वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणें जपले आहेत. कांहीं हौशी मंडळी व्हॉल्व्हचे नवे वर्धक आणून, घरच्यांची झोंप न मोडतां, रात्रीं हेडफोनवर गाणें ऐकतात. आवाज फाटूं लागला कीं पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. महागडे नवे व्हॉल्व्ह येतात, पैसे खर्च होतात आणि फाटका आवाज तसाच राहतो. शेवटीं कंटाळून चांगलें यंत्र मोडीत निघतें. व्हॉल्व्ह उजळतात व खोबणींतून सहज निघतात, म्हणून ते डोळ्यांत भरतात इतकेंच. दोष पुष्कळदां त्यांच्या शेजारच्या लहानसहान भागांत दडलेला असतो.

शोध घेतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहावा. तेथेंही आवाज तसाच फाटत असेल, तर वर्धकावरचा आरोप टळला. दोष एकाच कानांत असेल, तर वर्धकांत येणाऱ्या डाव्या व उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या कानांत गेला, तर तो मूळ ध्वनियंत्रांत किंवा त्या तारेंत आहे. त्याच कानांत राहिला, तर वर्धकांत किंवा हेडफोनांत आहे. अशा दोन परीक्षांत निम्म्याहून अधिक शोध संपतो, आणि पैसाही खर्च होत नाहीं.

हेडफोनचे विकार थोडे व ओळखीचे आहेत. कानाची गादी झिजून फट राहिली कीं खर्ज हरपतो. पडद्यावर एखादा केंस पडला तर ठराविक स्वरांवरच झणझण ऐकूं येते. गायकाचा आवाज विहिरींतून आल्यासारखा दूर गेला आणि मागची साथ मात्र राहिली, तर प्लगमधील दोन्ही कानांना सामाईक असलेली तार सुटली असें समजावें. त्या स्थितींत दोन्हीं बाजूंस सारखा असलेला ध्वनि परस्परांस खोडून काढतो. ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हच्या वर्धकास ३२ ओहमचा हेडफोन लावल्यास खर्ज पातळ होतो व आवाज लवकर फाटतो. ३०० ओहमचा त्यास अधिक मानवतो. येथें दोष कोणाचाच नसतो, जोडी विजोड असते.

वर्धकाची पहिली तक्रार म्हणजे अखंड घुमणारा ‘हूं’कार. सातारा जिल्ह्यांतील कोयना धरणाच्या पाण्यावर १९६२ पासून निर्माण होऊं लागलेली वीज असो कीं अन्य ठिकाणची, घरांत येणारा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. घुमणें ५० आवर्तनांचें असेल, तर आच्छादन सुटलेली तार, जमिनीची सदोष जोडणी किंवा व्हॉल्व्ह तापविणारा प्रवाह यांकडे पाहावें. तें १०० आवर्तनांचें, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचें असेल, तर वीज गाळून सरळ करणारा कंडेन्सर वाळला असण्याचा संभव अधिक. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानास हा भेद सहज उमगतो. आवाजाची कळ फिरवून घुमणें कमीअधिक झालें, तर त्याचा उगम कळीच्या आधीं; न झालें, तर नंतर.

आरंभीं स्वच्छ असलेला आवाज यंत्र तापल्यावर फाटूं लागला, तर दोन व्हॉल्व्हांमधील जोडकंडेन्सर गळत असावा. त्यामुळें शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर भलताच दाब येऊन तो अति तापतो. असा कंडेन्सर न बदलतां नवा व्हॉल्व्ह बसविल्यास तोही लवकरच निकामी होतो. कळ फिरवितांना खरखर झाली तर धूळ, आणि खोबणींत व्हॉल्व्ह हलवितांच झाली तर पायांवरचा गंज, हें कारण धरावें. साताऱ्याकडील पावसाळी दमटपणांत तो लवकर चढतो. सुक्या लांकडी पेन्सिलीची टिचकी लागतांच एखादा व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजला, तर मात्र अपराधी तोच.

येथें एक इशारा अत्यावश्यक आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत २५० ते ३०० व्होल्ट किंवा अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकतो. कांहीं जुन्या रेडिओंचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेशीं जोडलेला असे. अशांना हेडफोन लावणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. ज्यांत शेवटीं ट्रान्स्फॉर्मर आहे, तो वर्धक लाउडस्पीकर काढून चालवूं नये. ट्रान्स्फॉर्मर जळण्याची भीति असते. २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या पुष्कळ घरांत पाणी शिरलें. तसा पुराचा गाळ ज्या रेडिओंत गेला असेल, तो बाहेरून वाळला तरी तपासणीशिवाय विजेस लावूं नये.

यंत्राचें पोट उघडणें जाणकार कारागिराचेंच काम आहे. घरच्या माणसानें त्याच्यासाठीं एक चिठ्ठी तयार ठेवावी: दोष कोणत्या कानांत आहे, यंत्र लावल्यावर किती मिनिटांनीं दिसतो, कळ फिरविल्यानें बदलतो कीं नाहीं, आणि काय काय बदलून पाहिलें. अशी चिठ्ठी हातीं असली, तर कारागीर चार व्हॉल्व्हांऐवजीं एक कंडेन्सर बदलतो, आणि आजोबांचा रेडिओ भंगारांत न जातां पुन्हां दिवाणखान्यांत येतो.